ब्रेकनानांचं लायसन

ब्रेकनाना 'ब्रेक' हा शब्द नेहमी दोन सेकंद आधी म्हणत. पंगतीत कुणी चौथ्या जिलबीकडे हात नेला की तो परातीपर्यंत पोचायच्या आत शेजारून शांत आवाज येई, "ब्रेक." शाळेच्या बक्षीस समारंभात पाहुण्यांचं भाषण रंगात यायच्या बेताला असलं की मागच्या रांगेतून तोच आवाज. आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. रागही नसे त्यात. समोरचा माणूस आता कुठे जाऊन आदळणार आहे हे त्यांना आधी दिसे आणि ते त्याला तसं कळवत, एवढंच. बहुतेक लोक तरीही आदळत.

त्यांचं खरं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर होतं, बाकी गावाला ते नाना म्हणूनच माहीत होते. सत्तावीस वर्षं त्यांनी साखर कारखान्याच्या उसाच्या गाड्या चालवल्या. 'ब्रेकनाना' हे नाव पडलं आमच्या दुकानात.

नव्वदच्या दशकाची शेवटची दोन-तीन वर्षं मी कोपरगावात बसस्टँडमागच्या गल्लीत एसटीडी बूथ चालवत होते. बी.कॉम. झाले होते, नोकरी लागत नव्हती आणि स्थळं येत होती ती मला पसंत नव्हती. माझा थोरला भाऊ दुबईला वेल्डर होता. एका सुट्टीत त्याने व्हिडिओ गेमचा डबा आणि मोटारींच्या शर्यतीची एक सीडी आणली. बूथच्या मागच्या खोलीत टीव्ही मांडला, पुढे पडदा लावला आणि तासावर खेळायला द्यायला लागले. आठ दिवसांत आयटीआयची पोरं, सराफ बाजारातले नोकर आणि समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर विलास असं गिऱ्हाईक लागलं.

अडचण एकच होती. तो खेळ सरळ शर्यतीत उतरू देत नसे. आधी लायसन काढा म्हणे. लायसनच्या तीन इयत्ता, प्रत्येक इयत्तेत आठ परीक्षा. एवढी गाडी एवढ्या वेळात नेऊन अमुक चौकटीत उभी करा, हे वळण एवढ्या सेकंदांत काढा, असल्या. आणि परीक्षेत काय करायचं हे लिहिलेलं असे जपानी लिपीत. भावाला सीडी स्वस्तात मिळाली होती, ती का स्वस्त होती हे आम्हाला तेव्हा कळलं. गाडी जरा गवतात गेली की लाल अक्षरं येत. ती मात्र सगळ्यांना वाचता येत. विलास दुपारच्या सुट्टीत यायचा, चाळीस मिनिटं लाल अक्षरं बघायचा आणि परत जाऊन पेशंटांना जोरात इंजेक्शनं द्यायचा, असं लोक म्हणत.

नाना दर रविवारी सकाळी लेकीला फोन लावायला येत. लेक कर्जतला दिलेली होती. अशाच एका रविवारी ते बोलत असताना मागच्या खोलीतून टायर घासल्याचा मोठा आवाज आला. नानांनी "थांब गं" म्हणून रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि पळत रस्त्यावर गेले. रस्त्यावर एक म्हैस उभी होती, तिला काही झालेलं नव्हतं. नाना परत आले, तेवढ्यात पुन्हा तोच आवाज. मग त्यांनी पडदा बाजूला केला. आत विलास जिभेचं टोक बाहेर काढून लाल गाडी पळवत होता. नाना त्याच्या मागे उभे राहिले. इकडे मी त्यांच्या लेकीशी कर्जतच्या पावसापाण्याबद्दल बोलत राहिले, कारण तिचं "नाना कुठं गेले?" असं तीन वेळा विचारून झालं होतं.

"ब्रेक," नाना म्हणाले.

विलासने वळून बघितलं. गाडी भिंतीवर गेली.

"आता दाबून उपयोग न्हाई," नाना म्हणाले. "मगा म्हनलो तवाच दाबायचा हुता."

पुढचा महिनाभर नाना रोज दुपारी येऊन मागच्या लोखंडी खुर्चीवर बसत. खेळत नसत. विलासला वाटलं, दोन दिवसांत कंटाळतील. पण नानांना त्या परीक्षांचं वेडच लागलं. परीक्षेआधी खेळ स्वतः गाडी चालवून दाखवी. ते आमच्याकडे कुणी बघत नसे, बटण दाबून सगळे पुढे पळत. नानांनी ते बंद केलं. "आधी म्होरची गाडी गेल्याली बघा. अनोळखी रस्त्याला म्होरं गेलेल्या चाकोरीवरनं जायचं, ही काय लाजायची गोष्ट हाय व्हय?" एकेक वळण ते सात-सात वेळा बघायला लावत. जपानी अक्षरांचं त्यांना काही वाटत नसे. रस्ता वाचता येतो ना, मग पाट्यांचं काय घेऊन बसलाय, असं त्यांचं म्हणणं.

ब्रेक कुठे दाबायचा याची खूण त्यांनी प्रत्येक वळणाला ठरवून दिली. कुठे झाडाची सावली, कुठे पांढरी पाटी. खुणांना नावंही दिली, म्हणजे लक्षात राहावं. त्यामुळे जपानमधल्या त्या रस्त्यावर आमच्याकडचा येसगाव फाटा होता, संवत्सरचा पूल होता आणि समुद्राकाठच्या एका मोठ्या वळणाला पुणतांब्याचं वळण म्हणत. "पुणतांब्याला उशीर केलास," असं विलास एखाद्या पोराला सांगू लागला की फोनला आलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे बघत.

वळणाबद्दल नानांचं एक वाक्य आयटीआयच्या पोरांनी खडूने भिंतीवर लिहून ठेवलं होतं. "वळणाचं भांडण वळणाआधी मिटवायचं." म्हणजे ब्रेक दाबायचा तो सरळ रस्त्यावर. चाकं वळलेली असताना ब्रेक दाबला की गाडी रुसते आणि सरळ निघून जाते. दुसरं होतं पाहुण्याचं. "पाव्हना घाईनं येतो अन् सावकाश जातो. वळनात उलटं करायचं. सावकाश शिरायचं अन् घाईनं निघायचं." विलास दर वेळी वेगात घुसे आणि बाहेर पडताना रखडत असे. त्याला नाना 'पाव्हना' म्हणू लागले. त्याच्या बायकोच्या माहेरी हे कुणीतरी पोचवलं आणि त्यावरून थोडं झालंसुद्धा.

गाडी चालवायची नसते, माल चालवायचा असतो, हा त्यांचा मूळ सिद्धांत होता. ब्रेक दाबला की माल पुढे येतो, गॅस दिला की मागे जातो, वळलं की बाहेरच्या अंगाला झुकतो. मागे दहा टन ऊस असला की हे शिकवावं लागत नाही, नाहीतर ऊस शिकवतो. "ह्या गाडीत तर काहीच माल नाही नाना," विलासने एकदा काढलं. नाना म्हणाले, "गाडीचं सोताचं वजन हाय ना. त्योच माल. मानूस काय रिकामा आसला तरी तोल जातोच की." मग त्यांनी त्याला रस्त्याच्या बाहेरच्या कडेने निघून आतल्या दगडाला शिवून परत बाहेरच्या कडेला जायला लावलं. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अरुंद गल्लीत वळवताना अशीच जागा घ्यावी लागते. तीन आठवडे अडलेली परीक्षा विलासला त्या दिवशी सुटली. दवाखान्यात त्याने पेढे वाटले. डॉक्टरांना वाटलं मुलगा झाला.

नानांनी स्वतः हातात रिमोट घ्यायला महिना लावला. आमच्याकडे त्याला रिमोटच म्हणत. फुलीचं बटण म्हणजे गॅस आणि चौकोनाचं म्हणजे ब्रेक. पहिली परीक्षा सगळ्यांत सोपी, सरळ रस्त्यावर गाडी पळवायची आणि चौकटीत थांबवायची. नानांनी आधी हॉर्न कुठे आहे ते विचारलं. हॉर्न नाही म्हटल्यावर ते जरा अस्वस्थ झाले. मग आरशात बघायची सवय म्हणून खोलीत डावी-उजवीकडे बघून त्यांनी गाडी सोडली. गाडी निघाली ती वरातीच्या घोड्यासारखी. काटा चाळिसावर गेला आणि तिथेच राहिला. चौकटीत त्यांनी ती अशी उभी केली की पाण्याने भरलेला पेला हलला नसता. तोवर वेळ कधीच संपलेली होती. लाल अक्षरं आली.

"नापास का?" नाना म्हणाले. "उभी तर बराबर केली."

"नाना, मागं ऊस नाही. पळवा की," विलास म्हणाला.

"सत्तावीस वरसं चाळीस. पाय उठत न्हाई रे."

"पाय नाही, अंगठा."

"त्योच उठत न्हाई म्हंतो मी."

म्हणून मग उलटी शिकवणी सुरू झाली. इतके दिवस नाना सगळ्यांना थांबायला शिकवत होते, आता विलास नानांना पळवायला शिकवू लागला. खुर्चीमागे उभा राहून तो "गॅस, नाना, गॅस" म्हणे, आणि नाना आपल्याच अंगठ्याला दटावत बसत. एका परीक्षेत त्यांनी मागून येणाऱ्या गाडीला बाजू दिली. तिथे दुसरी गाडीच नव्हती, त्यांच्याच आधीच्या फेरीतली गाडी खेळ पुसट रंगात दाखवत होता. स्वतःलाच साइड देणारा ड्रायव्हर आम्ही कोपरगावात दुसरा पाहिला नाही.

पण नाना हळूहळू पुढे गेले. पहिली इयत्ता सुटली. प्रत्येक परीक्षेला सोनं, चांदी आणि तांबं असे तीन पेले होते. पोरांना सोनं हवं असे. नाना तांब्यावर खूश. "लायसनवर काय टक्के लिवत्यात का?" जिंकलेलं सगळं साबणाच्या वडीएवढ्या एका कार्डात साठायचं. नानांच्या नावाने मी त्यात वेगळा कप्पा ठेवला होता आणि पोरांना दम दिला होता, की तो कुणी पुसला तर दुकानात पाऊल टाकायचं नाही.

एकदा भर दुपारी दुकानात कुणी नव्हतं. नाना एकटेच आत खेळत होते. मी चहा घेऊन गेले आणि सहज म्हटलं, "नाना, एवढी हौस आहे, तर कारखाना सुटला म्हणून काय झालं? कुणाची तरी गाडी चालवा ना. नाहीतरी घरी बसूनच आहात."

नानांनी खेळ थांबवला. मग उजवा हात उचलून उजव्या डोळ्यावर ठेवला.

"आता तू मला दिसत न्हाईस," ते म्हणाले.

डाव्या डोळ्याने त्यांना काहीच दिसत नव्हतं. काचबिंदू. कारखान्यावर डोळ्यांचं शिबिर झालं तेव्हा तपासणीत निघालं. कधीपासून ते त्यांनाही सांगता आलं नाही, दुखलं नव्हतं म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांना गाडीवरून उतरवलं आणि गेटवर उसाच्या गाड्यांना टोकन द्यायला बसवलं. शेवटची दोन वर्षं त्यांनी खिडकीतून टोकनं दिली. "सगळी पोरं माझ्या हाताखाली शिकल्याली. खिडकीपाशी गाडी आनून म्हनायची, नाना, टोकन." लायसनची मुदत संपली तेव्हा डॉक्टरने नव्या कागदावर सही केली नाही. "त्याचं बराबर हाय," नाना म्हणाले. "एका डोळ्याला लांब काय अन् जवळ काय ह्याचा अंदाज येत न्हाई. एकांदं लेकरू आडवं आलं म्हंजे?"

चहा गार होत होता. 

"पयल्या दिवशी मी हितं उभा ऱ्हायलो ना, तवा एक ध्यानात आलं," नाना टीव्हीकडे बोट करून म्हणाले. "ह्यो सगळा रस्ता एका काचंवर हाय. हितं लांब न्हाई अन् जवळ न्हाई. दोन डोळ्यावाल्यालाबी नुसता अंदाजच घ्यावा लागतो. हितं मी आन् विलास सारखेच." मग चहा एका दमात संपवून म्हणाले, "त्याला सांगू नको हां. मुद्दाम हारंल बेनं."

मी कुणालाही सांगितलं नाही. फक्त त्या दिवसापासून नाना आत खेळत असले की फोनच्या गिऱ्हाइकांना हळू बोला म्हणू लागले.

तिसऱ्या इयत्तेची आठवी परीक्षा म्हणजे एक अख्खी फेरी, आणि गाडी अशी तापट की गॅस दिला की शेपटी फिरवायची. ती आमच्याकडे कुणालाच सुटली नव्हती. विलासने तर तिला एका नातेवाइकाचं नाव दिलं होतं. नाना दोन महिने तिच्यावर होते. त्यांनी शोधून काढलं, की वळणातून निघताना फुली दाबून धरायची नाही, टिचक्या मारायच्या. "चिखलातनं भरल्याली गाडी काडतो तसं. एकदम गॅस दिला की चाक जाग्यावर फिरतं." आणि दिशेचं बटणही तसंच, टक टक, नजर मात्र पुढच्या वळणावर. "जिकडं बघशील तिकडं जाशील. भिताडाकडं बघत गेलं की भिताड सोडत न्हाई."

एका बुधवारी दुपारी चारच्या सुमाराला आतून काहीच आवाज येईना म्हणून मी डोकावले. विलास आणि चार-पाच पोरं भिंतीला टेकून उभी होती. नाना शेवटच्या वळणावर होते. पुणतांबा. सावलीपाशी ब्रेक, आत दगडाला शिवले, मग टिचक्या, टिचक्या, शेपटी जरा हलली, सावरली, आणि गाडी रेषेपलीकडे गेली. तांब्याचा पेला आला.  नानांनी रिमोट मांडीवर ठेवला आणि बोटं चोळली.

आणि लाइट गेली.

कार्डात साठवायला अजून दोन बटणं दाबायची होती. टीव्ही बारीक ठिपका होऊन विझला. विलास मटकन खाली बसला. एक पोरगा लोडशेडिंगचं वेळापत्रक आणायला धावला, जसं काही ते बघून लाइट परत आली असती. नाना सगळ्यांत शांत. "पास झालो ते तुमी सगळ्यांनी बघितलं ना? मग झालं. कागद काय, कागद मागनं येतो." उठून टोपी घातली आणि निघून गेले. आम्ही म्हटलं, केवढं हे मन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानावर गेले तर नाना बंद शटरपुढे पायरीवर बसलेले. "झोप न्हाई लागली," म्हणाले. "कागद पायजेच." तो कागद मिळायला पुढे अकरा दिवस लागले. मिळाला तेव्हा विलासने आधी दोन बटणं दाबली, कार्ड काढून माझ्या हातात दिलं आणि मगच नानांना मिठी मारली. नानीने, म्हणजे नानांच्या बायकोने, घरून शिरा करून पाठवला. कसलं लायसन ते तिला शेवटपर्यंत नीट कळलं नव्हतं. तिने शेजारणीला सांगितलं, ह्यांना जपानचं लायसन मिळालं.

त्याच वर्षी भावाने सुट्टीत एक जुनी मारुती व्हॅन घेतली आणि ती अंगणात ठेवून परत दुबईला गेला. नाना एकदा घरी आले, व्हॅनभोवती फेरी मारली आणि मला म्हणाले, "चल, बस." मी म्हटलं, मला भीती वाटते. "भ्याचंच असतंय. न भिनारा मला नगंच." साखर हंगाम संपलेला, कारखान्याच्या मागचा वजनकाट्याचा माळ रिकामा होता. तिथे ते माझ्या डाव्या बाजूला बसून चार महिने तीच वाक्यं मला सांगत राहिले, जी मी पडद्याआडून वर्षभर ऐकली होती. श्रीरामपूरला परीक्षेत साहेबांनी इंग्रजी आठचा आकडा काढायला लावला. मी काढला आणि गाडी अशी थांबवली, की साहेब म्हणाले, "कोणत्या ड्रायव्हिंग स्कूलच्या?" मी म्हटलं, घरीच शिकले.

दुकान पुढे फार चाललं नाही. पोरं कंप्युटरकडे वळली, मी पतसंस्थेत नोकरीला लागले. नाना-नानी कर्जतला लेकीकडे राहायला गेले आणि काही वर्षांनी तिकडेच नाना गेले. लेकीचा फोन आला तेव्हा मी विलासला कळवलं. तो म्हणाला, "ताई, मी अजूनही सासुरवाडीला पाव्हनाच आहे."

पण नाना आठवले की मला कोपरगाव सोडण्याआधीची त्यांची एक सकाळ आठवते. उजव्या डोळ्यातही धुरकट दिसायला लागलं होतं आणि ऑपरेशनला नाशिकला जायचं होतं. लेकीचा नवरा जीप ठरवतो म्हणत होता. नाना म्हणाले, "पोरगी नेईल." म्हणजे मी. माझं लायसन सहा महिन्यांचं होतं आणि मी सिन्नरच्या पुढे कधी गाडी नेलेली नव्हती. आदल्या दिवशी मी नुसतं पाणी पिऊन राहिले.

नाना पुढे माझ्याशेजारी बसले, नानी मागे पिशव्या घेऊन. वावीपर्यंत नाना बोलत होते. समोर ट्रक आहे का, त्याच्या मागच्या फळीवर काय लिहिलंय, असं विचारत होते, आणि मी वाचून दाखवत होते. सिन्नर गेलं. पुढे मोहदरी घाटाचा उतार लागला. समोर वळण, मागून ट्रकची रांग. मी सरळ रस्त्यावरच ब्रेक दाबला, गियर उतरवला, बाहेरून आत घेतलं आणि ब्रेक सोडला. दुसरं वळण. तिसरं.  नाना काहीच म्हणेनात. मला वाटलं, चुकतंय आणि ऑपरेशनच्या दिवशी बोलायला नको म्हणून गप्प बसलेत.

"नाना, बरोबर चाललंय ना?" मी विचारलं. उत्तर नाही.

मागून नानी पुढे वाकली. तिने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "बोलू नगंस. पस्तीस वरसं झाली लग्नाला, दुसऱ्याच्या गाडीत ह्यांनी डोळा मिटलेला म्या कदी बघितला न्हाई."

तेवढ्यात नाना घोरायला लागले. मी चौथं वळण घेतलं.